कितीचा सेट? : इलेक्ट्रिक गिटारच्या तारा निवडताना

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागात आपण ॲम्प्लिफायरबद्दल बोललो. त्यानंतर जे मेल आले त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. "दादा, इलेक्ट्रिक गिटारसाठी बेस्ट स्ट्रिंग्ज कुठल्या?" काहींनी तर सरळ लिहिलं होतं की जास्त पाल्हाळ नको, नाव सांगा, आजच ऑर्डर करतो.

नाव सांगतो, पण शेवटी. कारण माझ्या आवडत्या सेटपर्यंत पोचायला मला जवळजवळ आठ वर्षं लागली, आणि त्यातले चार महिने माझा डावा हात इतका दुखत होता की गिटार सोडायची वेळ आली होती. मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. म्हणजे दिवसभर कीबोर्ड, संध्याकाळी गिटार, दोन्हीला हात तेच. त्यामुळे हा भाग 'टॉप फाइव्ह स्ट्रिंग्ज' छापाचा नाही. माझं काय चुकलं आणि तुमचं ते चुकू नये म्हणून काय बघायचं, एवढंच सांगणार आहे.

कितीचा सेट?

मी मूळचा मिरजेचा. बीटेक सांगलीला केलं. दुसऱ्या वर्षाला असताना एका सीनिअरकडून जुनी स्ट्रॅट पद्धतीची गिटार घेतली. आठवड्याभरात पहिली तार तुटली. दुकानात गेलो, काकांना म्हटलं इलेक्ट्रिकचा सेट द्या. ते म्हणाले, "कितीचा?"

मला वाटलं किंमत विचारतायत. म्हटलं, "तीनशेपर्यंत चालेल."

काका हसले. "किंमत नाही रे, गेज विचारतोय. नऊचा देऊ का दहाचा?"

आता नऊ म्हणजे काय नि दहा म्हणजे काय, मला काडीची कल्पना नव्हती. पण मागच्या बाकावर असलो तरी नऊपेक्षा दहा मार्क बरे हे माहीत होतं. म्हटलं, दहाचा द्या. माझी पहिली निवड ही अशी झाली.

तर आधी हा आकडा समजून घेऊ. गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. 'दहाचा सेट' म्हणजे ज्याची सगळ्यात पातळ, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची आहे तो. मिलिमीटरमध्ये ०.२५४. नऊची पहिली तार साधारण ०.२२९ मिलिमीटर. दोघींत फरक ०.०२५ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या भागाएवढा. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पण बोटाला लगेच कळतो.

पाकिटावर दोन आकडे असतात, पहिल्या आणि सहाव्या तारेचे. ९-४२, १०-४६, ११-४९ हे नेहमीचे. दहाच्या सेटमध्ये बहुतेक वेळा १०, १३, १७, २६, ३६, ४६ अशा सहा तारा असतात. नऊच्यात ९, ११, १६, २४, ३२, ४२. पहिल्या तीन साध्या, पुढच्या तीन गुंडाळलेल्या, म्हणजे आत एक तार आणि तिच्याभोवती दुसरी वेटोळे घालून बसवलेली.

एवढासा फरक हाताला का कळतो?

इथे थोडं फिजिक्स लागेल. घाबरू नका, अकरावीच्या पुढे जात नाही.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो. तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचं वजन. गिटार तीच, म्हणजे लांबी तीच. सूरही तोच लावायचाय. मग तार जाड केली, तिचं वजन वाढलं, तर त्याच सुरावर आणायला ताण वाढवावाच लागतो. साध्या तारेचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ताणही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी नऊवरून दहा केली तर ती वाढली ११ टक्के. ताण मात्र वाढला जवळजवळ २३ टक्के.

मी याची एक एक्सेल शीट केली होती. स्ट्रॅटची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, २५.५ इंच. नेहमीच्या ट्यूनिंगला पहिल्या तारेवरचा ताण असा येतो. नऊची तार साधारण ६ किलो. दहाची ७.४ किलो. अकराची ८.९ किलो.

सहाही तारा मिळून बघितलं तर ९-४२ ला अंदाजे ३८-३९ किलो, १०-४६ ला ४७ च्या आसपास आणि ११-४९ ला ५४ च्या आसपास. म्हणजे नऊचा सेट काढून अकराचा लावला की गिटारवरचा ताण १५ किलोने वाढला. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक सिलिंडरभर गॅस त्या लाकडी मानेवर लटकवला, असं समजा.

या हिशेबातून आणखी दोन गोष्टी निघतात, त्या उपयोगाच्या आहेत.

एक, लेस पॉल पद्धतीच्या गिटारची स्केल लहान असते, साधारण २४.७५ इंच. लांबी कमी, म्हणून त्याच तारा त्याच सुराला लावल्या तरी ताण ६ टक्क्यांच्या आसपास कमी. त्यामुळे मित्राच्या लेस पॉलवर दहाचा सेट मऊ लागला म्हणून तुमच्या स्ट्रॅटवरही तसाच लागेल, हे गृहीत धरू नका.

दोन, सगळी गिटार अर्धा सूर खाली लावली तर ताण ११ टक्के कमी होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि एक गैरसमज. पातळ तार लवकर तुटते असं सर्रास म्हणतात. गणित तसं सांगत नाही. पातळ तारेवर ताण कमी, आणि तो पेलणारं स्टीलही त्याच प्रमाणात कमी. म्हणजे एकाच सुराला लावलेल्या नऊच्या आणि दहाच्या साध्या तारेत, स्टीलच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार सारखाच असतो. तारा सतत एकाच जागी तुटत असतील तर आधी ती जागा बघा. ब्रिजच्या सॅडलला धार आलेली असते, नाहीतर तिथे गंज धरलेला असतो. पातळ तारेला असला ओरखडा लवकर बाधतो हे खरं, पण दोष ओरखड्याचा.

अकराचं वेड

आता माझी चूक.

नोकरी लागली, हिंजवडीत आलो. पहिल्या पगारातून बरी गिटार घेतली. आणि त्याच सुमाराला स्टीव्ही रे वॉन ऐकायला लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेक्ससचा ब्लूज गिटारवादक, १९९० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला, जेमतेम ३५ वर्षांचा होता. त्याच्याबद्दल वाचायला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट समोर येते. तो तेराच्या तारा लावायचा. तेरा! आणि त्यावर वाट्टेल तशा बेंड घ्यायचा.

मग डोक्यात पक्कं बसलं की जाड तार म्हणजे जाड आवाज, आणि जाड आवाज म्हणजे खरा गिटारवादक. नऊच्या तारा लहान मुलांच्या. ऑफिसच्या बँडमध्ये एकाने मला विचारलंही होतं, "अजून दहावरच आहेस?" अजून दहावीतच आहेस, अशा थाटात. तेराला हात घालायची हिंमत नव्हती म्हणून अकराचा सेट आणला आणि लावला.

लावला म्हणजे नुसता लावला. इथे खरी गंमत आहे. स्ट्रॅटचा ट्रेमोलो ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या जोरावर तोललेला असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात. तारांची ओढ वाढली की ब्रिज मागच्या बाजूने वर उचलला जातो. त्याच्याबरोबर तारा फ्रेटबोर्डपासून वर जातात. शिवाय वाढलेल्या ताणाने मानही थोडी पुढे वाकते, त्याने उंची अजून वाढते. म्हणजे मला आता आधीपेक्षा कडक तार आधीपेक्षा जास्त खोल दाबायची होती. स्प्रिंगांचे स्क्रू आवळायचे, ट्रस रॉड बघायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, तारा जाड आहेत तर त्रास होणारच, हळूहळू हात तयार होईल.

हात तयार झाला नाही. तीन आठवड्यांनी अंगठ्याखाली, मनगटाच्या बाजूला दुखायला लागलं. मी बाम चोळला आणि वाजवत राहिलो. मग सकाळी चहाचा कप धरताना कळ यायला लागली. मग एक दिवस ऑफिसात टाइप करताना स्पेसबार दाबायला अंगठा नको म्हणायला लागला. त्या रात्री मी खरोखर घाबरलो. गिटार हा छंद झाला हो, पण टाइप करता आलं नाही तर हप्ते कोण भरणार?

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अंगठ्याकडच्या टेंडनला सूज आहे. पट्टा बांधायचा, काही आठवडे गिटार पूर्ण बंद, मग फिजिओथेरपी. त्यांनी विचारलं, "अलीकडे हाताच्या कामात काय बदललं?" मी म्हटलं, "काही नाही, फक्त तारा बदलल्या."

सगळं धरून चार महिने गेले. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, मी डॉक्टर नाही. तुमचा हात दुखत असेल तर माझ्या गप्पा ऐकून तारा बदलत बसू नका, आधी दाखवून या.

चाचांचा प्रश्न

त्या चार महिन्यांत दिवाळीला घरी गेलो होतो. मिरज तंतुवाद्यांचं गाव आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यांनी, म्हणजे शस्त्रं बनवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. आजही ती गल्ली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

आमच्या ओळखीचे एक चाचा तिथे तंबोरे करतात. लहानपणापासून मी त्यांच्या दुकानात बसलोय. कोणी तंबोऱ्याला तारा लावायला आलं की चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पट्टी कुठली?" म्हणजे गाणारा कुठल्या सुरात गातो. काळी एक म्हणाला की तारा जाड, काळी चार-पाच म्हणाली की पातळ. गाणाऱ्याचा सूर कळल्याशिवाय ते तारेचं भेंडोळं खाली काढत नाहीत.

मी गिटार घरी नेली होती, वाजवता येत नसली तरी. चाचांना दाखवली. त्यांनी पहिली तार बोटाने दाबून बघितली, मान हलवली. "इतक्या कडक कशाला लावल्यास? कुणी सांगितलं?"

मी त्यांना स्टीव्ही रे वॉन समजावून सांगितला. अमेरिका, ब्लूज, तेराच्या तारा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो येणार आहे काय वाजवायला?"

मला उत्तर सुचलं नाही. जे प्रश्न मी त्या दुकानात शंभर वेळा ऐकले होते, ते स्वतःला एकदाही विचारले नव्हते. कोण वाजवणार? त्याचा हात केवढा? कुठल्या सुराला लावणार? दिवसातून किती वेळ?

मोठ्यांनी काय लावलं आणि का

पुण्याला परत आल्यावर पट्टा बांधलेल्या हाताने मी वाचन केलं. मग दिसलं की मोठ्या वादकांच्या तारांचे आकडे मला पाठ होते, कारणं माहीत नव्हती.

स्टीव्ही रे वॉन तेरा लावायचा हे खरं. पण गिटार अर्धा सूर खाली लावायचा. म्हणजे ताण ११ टक्के कमी. तरी माझ्या शीटप्रमाणे पहिल्या तारेवर ११ किलोच्या आसपास ताण येतोच, ते काही सोपं नाही. त्याचे पंजे दांडगे होते, आणि तरीही बोटांची सालपटं निघायची आणि तो ती सुपरग्लूने चिकटवून वाजवायचा, हेही सांगितलं जातं. ते वाक्य मी आधीही वाचलं होतं. तेव्हा ते शौर्य वाटलं होतं.

दुसरं टोक म्हणजे झीझी टॉपचा बिली गिबन्स. त्याचा आवाज ऐकलात तर म्हणाल याच्या तारा दोरखंडाएवढ्या असतील. तो सातच्या, आठच्या तारा लावतो. तोही आधी जाड तारांवरच होता. बी. बी. किंग यांनी त्याची गिटार हातात घेऊन बघितली आणि इतकी मेहनत कशासाठी करतोस असं विचारलं, असं त्याने मुलाखतींमध्ये सांगितलंय. मला ते वाचताना मिरजेचे चाचाच आठवले.

आणि टोनी आयोमी. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक, बर्मिंगहॅमचा. १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे गेली ती नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. नेहमीच्या तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावून बघितल्या. पुढे गिटार तीन अर्धसूर खाली लावली, म्हणजे तारा अजून सैल. हेवी मेटलचा तो भारदस्त आवाज ज्या माणसाने घडवला, तो हाताला झेपतील अशाच तारा शोधत होता.

मुळात पातळ तारांचे सेट बाजारात आले तेही अशाच अडचणीतून. १९५० च्या दशकात मिळणाऱ्या सेटमध्ये तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली आणि जाड असायची. बेंड घ्यायची म्हणजे कुस्ती. चलाख वादक पहिल्या जागी बँजोची तार लावायचे आणि बाकीच्या एकेक घर सरकवायचे. कॅलिफोर्नियात टार्झाना गावी एर्नी बॉल यांचं गिटारचं दुकान होतं. शिकणारी मुलं जाड तारांनी जेरीस येतात हे त्यांनी बघितलं, पातळ सेट करून घेतले आणि १९६२ मध्ये 'स्लिंकी' या नावाने विकायला काढले. आज दुकानात लटकलेली ती रंगीबेरंगी पाकिटं तिथून आली.

कानांची परीक्षा

हात बरा झाल्यावर एक प्रयोग केला. तीच गिटार, तोच ॲम्प, नॉब एक मिलिमीटर हलवला नाही. नऊचा, दहाचा आणि अकराचा असे तीन नवे सेट आळीपाळीने लावले. या वेळी प्रत्येक वेळी सेटअप नीट करून. तोच रिफ रेकॉर्ड केला. फाइलची नावं एका छोट्या स्क्रिप्टने उलटसुलट केली, आणि मी आणि माझ्या रूममेटने डोळे मिटून ऐकलं.

ते तुकडे ऐकवतो.

[इथे तीन रेकॉर्डिंग वाजतात. प्रत्येकी साधारण दहा सेकंद.]

ऐकलेत? मी नऊच्या सेटला अकरा म्हणालो. छातीठोकपणे! रूममेटने तिन्ही चुकीचे सांगितले. मग गंमत म्हणून मी तीन महिने जुन्या तारांचं एक रेकॉर्डिंग मध्ये घुसवलं. ते मात्र दोघांनीही दोन सेकंदांत ओळखलं. मंद, दबलेला आवाज, सूरही जरा इकडेतिकडे.

एक गिटार, दोन माणसं, याला कोणी संशोधन म्हणणार नाही. खालच्या तारांवर, अगदी क्लीन आवाजात, जाड सेटचा भरीवपणा थोडा जाणवतो, ते नाकारत नाही. पण ॲम्पचा बेस नॉब थोडा फिरवला की त्याहून जास्त फरक पडत होता. ज्या फरकासाठी मी मनगट घालवून बसलो होतो, तो माझ्याच कानांना ओळखता आला नाही.

निकेल, स्टील आणि आपला पावसाळा

आता धातूबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. चुंबकाजवळ लोखंडी तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज तयार होते, तीच पुढे ॲम्पमध्ये जाते. म्हणून इलेक्ट्रिकच्या तारांना चुंबकाला दाद देणारा धातू लागतो. ॲकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकला लावल्यात तर त्यांचा आवाज कमकुवत येतो तो यामुळे.

पाकिटावर 'निकेल प्लेटेड' लिहिलं असेल तर स्टीलवर निकेलचा मुलामा. हा सगळ्यात खपणारा प्रकार, ना फार कडक ना फार मवाळ. 'प्युअर निकेल' जरा मऊ, जुन्या रेकॉर्डसारखा आवाज. 'स्टेनलेस स्टील' चकचकीत, टोकदार, गंजाला टिकाऊ, पण फ्रेट जरा लवकर झिजवणारा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हा सगळा फरक गुंडाळलेल्या तीन तारांचा आहे. पहिल्या तीन साध्या तारा बहुतेक सेटमध्ये स्टीलच्याच असतात, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

कोटिंगवाल्या तारा, म्हणजे वर अतिशय पातळ आवरण असलेल्या, महाग असतात, पण गंजत नाहीत लवकर. यातलं जुनं नाव एलिक्सर, गोर-टेक्सचं कापड बनवणाऱ्या डब्ल्यू. एल. गोर कंपनीचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्न खरा आहे. पुण्यात जुलैमध्ये माझ्या साध्या तारा तीन आठवड्यांत खरखरीत होतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांना मी काय सांगायचं? ज्यांच्या तळहातांना फार घाम येतो त्यांनी पावसाळ्यापुरत्या तरी कोटिंगच्या लावून बघाव्यात. मला त्यांचा बोटाखालचा गुळगुळीतपणा आवडत नाही, म्हणून मी साध्याच लावतो आणि वाजवून झालं की जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून खालून पुसतो. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या. खर्च शून्य.

आणि नकली मालापासून सांभाळा. एकदा मी ऑनलाइन निम्म्या किमतीत तीन पाकिटं घेतली. नाव मोठ्या कंपनीचं, पाकीट हुबेहूब. सहावी तार आठवड्यात उसवली आणि तिसरी सुरात बसेचना. डॅडॅरिओच्या पाकिटात एक कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून माल अस्सल आहे का बघता येतं. माझ्या पाकिटातला कोड चालला नाही. तेव्हापासून ओळखीच्या दुकानातूनच घेतो, चार पैसे जास्त गेले तरी.

मग निवडायचं कसं?

मी करतो तसं सांगतो. आमच्या धंद्यात बग शोधताना एक नियम असतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. मी अकरा लावले तेव्हा तारेची जाडी, तारेची उंची आणि मानेचा बाक हे तिन्ही एकदम बदलले होते आणि मला एकाचाही पत्ता नव्हता.

तर आधी आत्ता गिटारवर काय आहे ते शोधा. नव्या फेंडर स्ट्रॅटवर सहसा ९-४२ येतात, गिब्सन लेस पॉलवर १०-४६. माहीत नसेल तर स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारला नऊ आणि लेस पॉल पद्धतीच्या गिटारला दहा, इथून सुरुवात करा. निकेल प्लेटेड, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा. एक महिना तोच वाजवा.

मग चार गोष्टी तपासा. तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या आसपास पूर्ण सुराची बेंड घ्या. सुरापर्यंत पोचता का, की मध्येच दम लागतो? मग एफचा बार कॉर्ड धरून दोन मिनिटं स्ट्रम करा. मग ट्यूनर लावून सहावी तार मोकळी, जोरात छेडा. सूर क्षणभर वर जाऊन खाली येत असेल तर ती तार तुमच्या उजव्या हातासाठी सैल आहे. चौथी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायची. चहाचा कप उचला आणि हात काय म्हणतो ते ऐका.

यातून कळलं की एखादी गोष्ट खटकतेय, तरच गेज बदला, आणि एकाच पायरीने. बदलल्यावर ब्रिज सपाट आहे का, तारेची उंची पूर्वीएवढी आहे का, बाराव्या फ्रेटला सूर बरोबर येतो का, हे बघून घ्या. स्वतःला जमत नसेल तर दुकानातून सेटअप करून घ्या. तारांच्या दोन सेटएवढे पैसे जातील, पण माझ्या फिजिओथेरपीपेक्षा नक्कीच कमी. आणि पाकिटावर तारीख लिहून ते बॅगेत ठेवा, म्हणजे तारा किती जुन्या आहेत हे आठवावं लागत नाही.

माझा सेट

बरं, आता नाव. मी आज ९-४६ लावतो, निकेल प्लेटेड. ९, ११, १६, २६, ३६, ४६. वरच्या तीन तारा नऊच्या सेटमधल्या, खालच्या तीन दहाच्या. याला हायब्रिड म्हणतात. एर्नी बॉलचा 'हायब्रिड स्लिंकी' मिळतो, डॅडॅरिओचाही याच मापाचा आहे. दुकानात जो असेल तो घेतो.

का, तर माझ्या डाव्या हाताला वरच्या तारा नऊच्याच झेपतात, तिथे मी बेंड घेतो. पण माझा उजवा हात रांगडा आहे. ४२ ची सहावी तार मी छेडली की सूर वर पळतो, ४६ ची पळत नाही. त्या ट्यूनरच्या परीक्षेतच हे कळलं होतं. म्हणजे हा सेट माझ्या दोन हातांचं आपसातलं तडजोडपत्र आहे. तुमचे हात वेगळे, गिटार वेगळी, तर तुमचा सेट वेगळा निघेल, आणि निघायलाच हवा.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या बँडचा कार्यक्रम झाला. तासभर वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्टँडअप मीटिंग होती, हात ठीक होता. त्याच मित्राने विचारलं, "टोन भारी होता, अकरा लावल्यास ना?"

मी म्हटलं, "नऊ." त्याने अजून विश्वास ठेवलेला नाही.

तुम्ही कितीचा सेट लावता आणि का, ते मला लिहून पाठवा. 'का' मात्र नक्की लिहा, नुसता आकडा नको. पुढच्या भागात घरच्या घरी सेटअप कसा करायचा, ट्रस रॉड किती फिरवायचा आणि कुठे थांबायचं, त्यावर बोलू. तोपर्यंत वाजवत राहा, तारा पुसत राहा. भेटूच.